इंजिनाला दिव्याचं तेल

माझ्या विहीणबाईंनी मला बोलावलं ते लग्नाला नाही, बारशाला नाही, तर इंजिन बघायला.

"इनबाई, थंडीत या. माह्यं इंजिन करंजीच्या तेलावर चालून राह्यलं. ते नाई पाह्यलं तं काय पाह्यलं तुमी!" आणि फोन बंद. झमकूबाईंचा फोन नेहमी असाच. गुडघे कसे आहेत, पाऊस झाला का, असलं काही नाही.

मी कऱ्हाडजवळच्या उसाच्या पट्ट्यात राहते. लेक वैशाली यवतमाळ जिल्ह्यात, उमरखेडला दिलेली. दिलेली म्हणजे तिनं स्वतःच स्वतःला दिली, आम्हाला फक्त अक्षता टाकायला बोलावलं. जावई अविनाश शाळेत शिकवतो, पण मूळचा डोंगरातल्या बंजारा तांड्यावरचा. झमकूबाई त्याची आई.

"एवढ्या लांब इंजिन बघायला?" सून म्हणाली. "आपल्या मळ्यात आहे की एक."

आहे. विहिरीवर विजेची मोटर आल्यापासून त्याच्यावर कोंबड्या बसतात. चाकाच्या आऱ्यांमध्ये अंडी सापडतात, एवढाच त्याचा आता उपयोग.

मी तरी निघाले, कारण या विषयाशी माझं जुनं नातं आहे. वीसेक वर्षांपूर्वी मोगली एरंडाची लाट आली होती. पडीक जमिनीत लावा, बियांचं तेल काढा, त्यावर गाड्या पळवा. तेव्हाच्या सुमनताई महिला मंडळाच्या अध्यक्ष होत्या. सुमनताई म्हणजे मीच, पण त्या बाईला "मी" म्हणायला माझी जीभ वळत नाही. खादीची साडी, गळ्यात लटकवलेला चष्मा, आणि आवाज असा की माईकनं आपणहून बाजूला व्हावं. "भगिनींनो, उद्या आपल्या कुंपणाला पेट्रोल लागणार आहे!" टाळ्या. कुंपणाला पानं लागली. शेळ्यांनीसुद्धा त्यांना तोंड लावलं नाही. वाट बघून बघून शेवटी एक पातेलंभर बिया मिळाल्या. त्यांचं तेल सुमनताई यजमानांच्या स्कूटरमध्ये घालणार होत्या. आमचे हे त्या आठवड्यात स्कूटरची किल्ली आंघोळीलाही सोबत नेत असत.

तर ज्या गोष्टीनं माझी एवढी शोभा केली, तीच गोष्ट झमकूबाई खरोखर चालवतात म्हटल्यावर बघायला नको?

उमरखेड

नांदेडहून निघालेल्या एसटीनं पैनगंगा ओलांडली आणि मी खिडकीला नाक लावलं. आमच्याकडचा हिवाळा हिरवा असतो, उसामुळे. इथला पांढरा. दोन्ही बाजूंना कापूस फुटलेला, मधून मधून तुरीच्या ओळी, आणि वेचणाऱ्या बायकांच्या कमरेला बांधलेल्या ओट्या अशा फुगलेल्या की सगळ्या गावालाच दिवस गेलेत असं वाटावं.

वाटेत एका ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर पऱ्हाट्यांचा, म्हणजे कापसाच्या वाळल्या झाडांचा, डोंगर रचलेला दिसला. उमरखेडला पोचल्यावर जावयाला विचारलं, तर म्हणाला, "आई, पूर्वी हे शेतातच पेटवून देत. आता भुगा करून त्याचे ठोकळे दाबतात. कारखान्याच्या बॉयलरमध्ये कोळशाच्या जागी जातात." मी त्याला तीनदा विचारून घेतलं. म्हणजे कापूस अंगावर घालायचा, सरकीचं तेल तळणीला, ढेप म्हशीला आणि उरलेल्या काड्या बॉयलरला! आमच्या उसाला उगाच वाटतं की आपल्याएवढं कामाचं पीक नाही. आमच्याकडे मळीपासून स्पिरिट होतं, ते पेट्रोलमध्ये मिसळतात, सगळं मला ठाऊक आहे. पण ते सगळं कारखान्याच्या उंच भिंतीआड. आमच्या वाट्याला येतो तो वास.

वैशालीनं तुरीच्या हिरव्या दाण्यांची आमटी केली होती. इथे या दाण्यांना सोले म्हणतात. मी पातेलं पुसून खाल्लं. आमच्याकडे तूर म्हणजे डाळ, डब्यात राहणारी. तिला असं कोवळं, हिरवं, लसणीच्या ठेच्यासोबत कुणी पाहिलेलंच नाही.

झमकूबाई मला न्यायला आल्या. माझ्यापेक्षा एखाद वर्षानं मोठ्या, काटक, हातभर बांगड्या, आणि चालणं असं की पाठीमागून कुणी हाकलतंय. तांड्याच्या एसटीत बसल्या बसल्या त्यांनी पुढच्या दाराकडे बोट केलं.

"इथून उतरवलं होतं मले."

"कुणी?"

"कंडक्टरनं. चक्कीसाठी डिझेल आणून राह्यली होती मी. डबा सीटखाली लपवला, वरून लुगडं सोडलं. पण वास काय लपते? 'ओ मावशी, गाडी पेटवता का?' म्हणे. अर्ध्या रस्त्यात उतरवलं. डबा डोक्यावर घेऊन चालत गेली तांड्यापर्यंत. तवा ठरवलं, याच्या पुढं माह्यं इंजिन उमरखेडचं पाणी पेणार नाई."

तांड्यावर पिठाची चक्की आहे, ती या इंजिनावर. तिथली वीज चक्कीला पुरेल अशी नसते, आणि येते तीही तिच्या मर्जीनं. डिझेल आलं की चक्की चालू, संपलं की बंद. पावसाळ्यात नाल्याला पूर आला की डबाही येत नाही, आणि बायका डोक्यावर दळण घेऊन डोंगर उतरतात.

"मग करंजीच का?" मी विचारलं. सुमनताईंना मोगली एरंडाचं उत्तर अजून हवं होतं.

"नाल्याच्या काठानं उभीच हायेत ना झाडं. कोनी लावली? कोनी पाणी घातलं? उन्हायात शेंगा पडतात, आमी झाडून आणतो. तुमी तं म्हणे झाडालेच भाषण दिलं होतं."

वैशालीनं सासूला सगळं सांगितलेलं दिसतं.

तांडा

तांड्यावर पाय ठेवताच दोन म्हाताऱ्यांनी "आव याडी, बेस" म्हणून खाट पुढे केली. याडी म्हणजे आई. इथली माणसं घरात गोरबोली बोलतात, माझ्याशी वऱ्हाडी, आणि टीव्हीशी हिंदी.

इंजिन समाजमंदिरामागच्या खोलीत होतं. एका बाजूला चक्की, दुसऱ्या बाजूला छोटी घाणी, कोपऱ्यात करंजीच्या तेलाचं पिंप. आणि मधोमध ते, हिरव्या रंगाचं, एका सिलिंडरचं, जाड चाकाचं. आमच्या कोंबड्यांच्या इंजिनाचा सख्खा भाऊ! मला एकदम भरून आलं. मी त्याच्या चाकावर हात ठेवला. झमकूबाई म्हणाल्या, "हात पुसा. करंजीचा वास चार दिवस जात नाई." खरंच कडूझार वास. पण खाज-खरजेला उत्तम, आणि उरलेली ढेप शेतात टाकली की वाळवी येत नाही.

"झाडाचं तेल पेणं इंजिनाले नवं असन, आमाले नाई," त्या म्हणाल्या. त्यांच्या सासरचे लोक पूर्वी बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलुखभर फिरत. त्याला लदणी म्हणतात. "लदणीचा बैल कोण्या पंपावर उभा राह्यला? रस्त्याच्या कडेचं खाये अन् चाले. माह्यं इंजिनबी आता कडेचं खाते."

हे वाक्य मी मनात दहादा घोळवलं. सुमनताईंच्या सगळ्या भाषणांत मिळून असं एक नव्हतं.

तेवढ्यात दारात काठी वाजली आणि झमकूबाईंनी झर्रकन पदर कपाळाखाली ओढला. तांड्याचे नायक आले होते. मोठं पागोटं, पांढऱ्या मिशा. नात्यानं झमकूबाईंचे भासरे, म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ. त्यांच्याशी ही बाई लग्न झाल्यापासून एक शब्द बोललेली नाही. भांडण नाही, रीत. भासऱ्यासमोर भावजयीनं तोंड उघडायचं नसतं. आमच्याकडे माझी आजी असं करायची म्हणतात. माझ्या पिढीनं मात्र दिरांना रेशनच्या रांगेत उभं केलं.

पण तोंड उघडायचं नाही म्हणजे बोलायचं नाही असं थोडंच आहे!

"पावनीबाई," नायक माझ्याकडे बघून म्हणाले, "सांगा तुमच्या इनीले. उद्या भंडारा हाय. साऱ्या तांड्याचा गहू या चक्कीवर यीन."

"इनबाई, सांगा त्याइले, येऊ द्या म्हणा."

"अन् सांगा, ठरल्याप्रमाणं करंजीवरच. डिझेलचा एक थेंबबी पडला तं खोली खाली करा लागन. भंडाऱ्याचे गंज-पातेले अन् सतरंज्या आमच्या घरात पडून राह्यल्या. बसाले जागा नाई."

"सांगा त्याइले, सतरंजीवरच बसा म्हणा."

मी दोघांच्या मधे, मान इकडून तिकडे. दोघांनाही एकमेकांचं सगळं ऐकू येत होतं. मी फक्त खांब होते. पण गोष्ट गंमतीची नव्हती. तांड्याच्या बैठकीत हेच ठरलं होतं. बायकांनी काढलेल्या करंजीच्या तेलावर भंडाऱ्याचं दळण पुरं झालं तर खोली कायमची इंजिनाची. नाही झालं तर इंजिन बाहेर, उघड्यावर, आणि घाणीला जागा नाही. मग तेल नाही, आणि पुन्हा उमरखेडचा डबा. नायक गेल्यावर झमकूबाईंनी पदर मागे टाकला. पहिल्यांदाच त्यांचा चेहरा मला थकलेला दिसला.

"उघड्यावर ठेवलं तं एका पावसायात गंजून जाईन ते," एवढंच म्हणाल्या.

दिवेलागणीला आम्ही पुन्हा त्या खोलीत गेलो. झमकूबाईंच्या हातात पितळेचा तांब्या होता, चुलीजवळ ठेवून कोमट केलेला. आत मोहाच्या बियांचं तेल. इकडे या बियांना टोळी म्हणतात, आणि झमकूबाईंच्या घरी कोणत्याही नव्या कामाचा पहिला दिवा याच तेलाचा लागतो. त्यांनी इंजिनासमोर दिवा लावला, हळदकुंकू वाहिलं. मग तांब्याकडे बघत थबकल्या.

"इनबाई, दिव्याले देतो ते इंजिनाले काहून नाई? उद्या त्याची परीक्षा हाय."

टाकी धुऊन पुसून रिकामी ठेवलेली होती. खरं तर मी गप्प बसायला हवं होतं. पण माझ्या आतल्या सुमनताई उठून उभ्या राहिल्या. "घाला की!" त्या म्हणाल्या. "तेल ते तेल! वास तर बघा, तुपासारखा!"

झमकूबाईंनी ते सोनेरी तेल हलक्या हातानं टाकीत सोडलं, नळीत उतरू दिलं आणि हात जोडले. मीही जोडले.

भंडाऱ्याचा दिवस

सकाळी तोंडातून वाफा निघत होत्या. समाजमंदिरापुढे गव्हाच्या पोत्यांची रांग, बायका शाली लपेटून, पुरुष शेकोटीला. शेकोटी पऱ्हाटीची, तीत तुरीच्या शेंगा भाजत टाकलेल्या. मला मूठभर मिळाल्या, बोटं काळी करून खाल्ल्या.

झमकूबाईंनी नेहमीप्रमाणे करंजीचं तेल चुलीवर कोमट करून टाकीत ओतलं. नायकांच्या मुलानं, रोहिदासनं, हँडल लावलं आणि फिरवलं. धप्. धप्. काही नाही. पुन्हा फिरवलं. घाम निघाला, पण इंजिन साधं खोकलंसुद्धा नाही.

"काय झालं रोहिदास?"

"तेलच येऊन नाई राह्यलं, काकी. नळी कोरडी लागते."

शेकोटीपासचे पुरुष उठून दाराशी आले. नायक काठीवर रेलले. "पावनीबाई, विचारा तुमच्या इनीले, इंजिन उपाशी हाय का उपासाचं?"

सगळे हसले. रोहिदास वाईट पोरगा नव्हता. त्यानं मोटरसायकलला अडकवलेल्या डब्याकडे हळूच बोट केलं आणि कुजबुजला, "काकी, एक घोट डिझेल पाजू का? सुरू झालं की करंजी वढते ते. कोनाले दिसते?"

मी मनातून म्हटलं, पाज बाबा. झमकूबाईंनी मान हलवली. "मले दिसन ना."

मला तिथे उभं राहवेना. घरात गेले, काहीतरी करायचं म्हणून वेणी घालायला बसले. खिडकीतून माझी खोबरेल तेलाची बाटली घेतली, तळहातावर उपडी केली. काही येईना. दाबली, आपटली. तेल थिजून पांढरं झालेलं. नेहमीसारखी बाटली काखेत धरली, आणि तशीच, काखेत बाटली, अर्धी वेणी सुटलेली, गल्लीतून धावत सुटले. माझ्या वयाला धावणं म्हणजे काय ते समजून घ्या. मागे कुत्री लागली.

"झमकूबाई! गोठलंय!"

"काय गोठलंय?"

"दिव्याचं तेल! काल घातलेलं! नळीत तूप झालंय त्याचं!"

त्या माझ्या बाटलीकडे बघत राहिल्या. मग कपाळावर हात मारला. "अगं माय! दिव्यात गोठते तरी वात पेटते, तवा कधी ध्यानातच नाई आलं! वातीचीच ऊब लागते त्याले!"

आता बायका हलल्या. न्हाणीघराबाहेरच्या चुलीवर माझ्या आंघोळीचं पाणी उकळत होतं, ते हंड्यासकट आलं. (मी त्या दिवशी आंघोळ केली नाही, हे इथेच सांगते.) कुणी जुनं धोतर फाडलं, गरम पाण्यात बुडवून नळीला गुंडाळलं. टाकीभोवती मी माझी शाल लपेटली. झमकूबाई तेलाच्या फिल्टरला गरम फडकं लावून त्याच्याशी गोरबोलीत काहीतरी बोलत होत्या, अगदी ताप आलेल्या नातवाशी बोलावं तसं. पाणी थंड झालं की दुसरा हंडा.

"हे काय बाळंतीण न्हाऊ घालून राह्यले का?" दारातून आवाज आला.

मी मागे न बघता म्हटलं, "हो, आणि पुरुषांनी बाहेर थांबायचं असतं!" हशा पिकला, या वेळी आमच्या बाजूनं.

मग नळीच्या टोकाशी एक पिवळा थेंब आला. थरथरला. पडला. मागून दुसरा, आणि मग बारीक, अखंड धार.

"रोहिदास, फिरव!"

त्यानं हँडल फिरवलं. धप्. धप्. धडाड! खोली हादरली, धुराचा पांढरा लोट छपराला लागला आणि इंजिन असं सुटलं की चक्कीचा पट्टा फटाफट वाजू लागला. मी ओरडले. काय ओरडले आठवत नाही. धुराला मोहाच्या तेलात पुऱ्या तळल्यासारखा वास येत होता, आणि साऱ्या रांगेला एकदम भूक लागली. पहिलं पोतं पडलं, पीठ उतरू लागलं, मी गरम पिठात कोपरापर्यंत हात घातला.

नायक आत आले. त्यांनी चिमूटभर पीठ घेऊन बोटांत चोळलं आणि माझ्याकडे वळून काहीतरी म्हणाले. त्या आवाजात मला काय ऐकू येणार! "काय?" मी ओरडले. त्यांनी पुन्हा सांगितलं. मी झमकूबाईंकडे वळून ओरडले, "काय म्हणाले कळलं नाही!" त्या ओरडल्या, "काय?" आमचा खांब कोसळला.

शेवटी नायकांचा धीर सुटला. त्यांनी मिशा बाजूला सारल्या आणि सरळ भावजयीच्या कानाच्या दिशेनं बोंबलले, "झमकू! पुऱ्याले जाड होईन! बारीक काढ!"

"बारीकच हाय!" झमकूबाई त्याहून मोठ्यानं. "जरा नीट पाहा!"

आणि तोंडावर हात. पदर मानेवर पडलेला. इंजिन धडधडत होतं, आणि त्याच्यासमोर ते दोघं, आयुष्यात पहिल्यांदा एकमेकांकडे बघत. मला वाटलं, आता वीज पडणार. नायकांनी पुन्हा चिमूट उचलली, बोटांत चोळली, डोळ्यांपाशी नेली.

"हाय," ते ओरडले. "बारीक हाय." आणि बाहेर जाऊन त्यांनी स्वतःच्या घरातल्या सतरंज्या मांडवात अंथरायला सांगितल्या. "आता त्याइले दुसरी जागा पाहा," हेही सांगितलं. खोलीचा निकाल एवढाच.

दुपारी पुऱ्या झाल्या. मी किती खाल्ल्या ते वैशालीला सांगू नका.

परतीची एसटी

निघताना झमकूबाईंनी मला करंजीच्या तेलाचा डबा दिला आणि उमरखेडपर्यंत सोडायला स्वतः आल्या. तीच तांड्याची एसटी. डबा त्यांनी सीटखाली लपवला नाही. मांडीवर घेतला.

या वेळी कंडक्टर एक तरुण बाई होती. तिकीट फाडता फाडता तिनं नाक मुरडलं. "मावशी, डब्यात काय हाय? डिझेल नाई ना?"

झमकूबाईंनी झाकण उघडलं. "करंजीचं तेल. हात पुढं कर."

त्या पोरीच्या मनगटाला, तिकिटांच्या मशीनचा पट्टा घासून, लाल चट्टा उठला होता. झमकूबाईंनी बोटभर तेल त्यावर चोळलं. ती वास घेऊन तोंड वाकडं करत हसली, आणि पुढे जाताना म्हणाली, "डबा नीट धरा, मावशी. सांडू नका."

ज्या वळणावर पूर्वी झमकूबाईंना उतरवलं होतं ते आलं, तेव्हा त्यांनी खिडकीबाहेर बघितलं, आणि डबा मांडीवर जरा सरळ केला.

उमरखेडच्या स्टँडवर उतरल्यावर मी सुनेला फोन लावला.

"परवा पोचते. कोंबड्यांना दुसरी जागा बघ."